अस्सल बरहुकूम नक्कल : छिन सम्राटाची मृत्तिकासेना आणि तिच्या प्रतिकृति

मंडळाच्या एका मासिक सभेंत आमच्या एका संग्राहक स्नेह्यांनीं एक मातीचा योद्धा दाखविण्यास आणिला होता. उंची हातभराहून थोडी कमी, अंगांत पट्ट्यांचें चिलखत, केसांचा बुचडा मस्तकाच्या उजव्या अंगास वळविलेला, रंग करडा, आणि सांदीकोपऱ्यांतून पिवळी माती बसलेली. चीन देशांत छिन शी ह्वांग या सम्राटाच्या समाधीपाशीं जी मृत्तिकासेना सांपडली तिच्यांतीलच हा एक शिपाई होय, असें सांगून एका विक्रेत्यानें तो त्यांस बऱ्याच किंमतीस दिला होता. सभेनें आमचें मत विचारलें. आमचें अध्ययन संस्कृताचें, उभें आयुष्य शाळेंत गेलेलें, आणि चीनच्या पुराणवस्तूंशीं परिचय केवळ पुस्तकी. म्हणून “पाहून सांगूं” एवढेंच बोलून आम्ही स्वस्थ राहिलों. स्वस्थ राहण्यास दुसरेंही एक कारण होतें. तें या लेखाच्या शेवटीं येईल.

पुढें गेल्या शरद्ऋतूंत कन्येच्या आग्रहावरून तिच्यासमवेत चीनला जाण्याचा योग आला. तेथें समाधीजवळचे खंदक पाहिले, खंदकांजवळची प्रतिकृति करण्याची कार्यशाळा पाहिली, आणि शीआन शहरांतील शिलालेखांचा संग्रहही पाहिला. या तिहींचा विचार एकत्र केला असतां अस्सल कशास म्हणावें, नक्कल कशास म्हणावें, आणि नकलेची योग्यता कोणती, या आपल्या नित्याच्या प्रश्नावर कांहीं प्रकाश पडतो असें आम्हांस वाटलें. तोच वाचकांपुढें ठेवीत आहों.

स्थळ आणि शोध

शीआन हें प्राचीन छांगआन नगराचें आजचें रूप. तेथून पूर्वेस सुमारें ३५ किलोमीटरांवर लिनथोंग हा भाग लागतो. दक्षिणेस ली पर्वताची रांग, रस्त्याच्या दुतर्फा डाळिंबांच्या राशी मांडून बसलेले विक्रेते, आणि मध्यें झाडींनीं झांकलेला एक मोठा मातीचा ढिगारा. हीच सम्राटाची समाधि. ती अद्याप उकरलेली नाहीं. मृत्तिकासेनेचे खंदक या ढिगाऱ्याच्या पूर्वेस सुमारें दीड किलोमीटरावर आहेत.

हा राजा इ. स. पूर्वीं २४६ मध्यें, तेरा वर्षांचा असतां, छिन राज्याच्या गादीवर आला. इ. स. पूर्वीं २२१ पर्यंत त्यानें उरलेलीं सहा राज्यें जिंकून ‘प्रथम सम्राट’ अशी पदवी धारण केली, वजनें, मापें व लिपि एक केली, आणि इ. स. पूर्वीं २१० मध्यें तो वारला. आपल्या कालगणनेशीं ताडा घालावयाचा तर अशोकाचा अंत साधारणतः इ. स. पूर्वीं २३२ च्या सुमारास धरतात. म्हणजे सोपाऱ्याच्या शिळेवर धर्मलेख कोरला गेला तें आणि या समाधीचें काम चाललें होतें तें, हीं एकाच शतकांतील कृत्यें होत.

‘चीन’ हें नांव याच छिन राज्यावरून पडलें, ही कल्पना मार्तिनी या जेसुइट पंडितानें इ. स. १६५५ मध्यें मांडली, व ती पुष्कळांस मान्य आहे. आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत ‘चीनपट्ट’ हा शब्द येतो, मनुस्मृतींत क्रियालोपानें पतित झालेल्या क्षत्रियांत चीनांची गणना आहे, आणि कालिदासाचें ‘चीनांशुक’ तर विद्यार्थ्यांसही ठाऊक असतें. यावरून कोणी अर्थशास्त्राचा काळ इ. स. पूर्वीं २२१ च्या अलीकडे ओढतात. परंतु छिन हें राज्य साम्राज्य होण्यापूर्वीं कित्येक शतकें अस्तित्वांत होतें, आणि अर्थशास्त्राचा काळ स्वतंत्रपणेंही वादग्रस्त आहे. तेव्हां एका अनिश्चितावरून दुसरें अनिश्चित निश्चित करण्याचा हा उद्योग टाळावा हें बरें.

इ. स. १९७४ च्या मार्च महिन्यांत त्या गांवच्या शेतकऱ्यांनीं पाण्यासाठीं विहीर खणावयास घेतली असतां भाजलेल्या मातीचे अवयव व पितळी बाणाग्रें लागलीं. त्या शेतकऱ्यांपैकीं एक जण पुढें कित्येक वर्षें संग्रहालयाच्या दुकानांत बसून प्रवाशांच्या पुस्तकांवर स्वाक्षरी करीत असे. पहिला खंदक पूर्व-पश्चिम २३० मीटर लांब व ६२ मीटर रुंद आहे. त्यांत ठोकून घट्ट केलेल्या मातीच्या भिंती घालून अकरा बोळ पाडले आहेत. तळाशीं विटा, वर लांकडी तुळया, तुळयांवर चटया व माती, अशी रचना होती. दुसरा व तिसरा खंदक इ. स. १९७६ मध्यें लागले. दुसऱ्यांत रथ, घोडेस्वार व गुडघा टेकून बसलेले धनुर्धर आहेत, तिसरा लहान असून तो सेनानायकांचा तळ असावा. तिन्हींत मिळून सुमारें आठ हजार मूर्ति असाव्या असा अंदाज आहे. त्यांपैकीं बहुतेक अद्याप मातींतच आहेत. संग्रहालय इ. स. १९७९ च्या १ आक्टोबरास उघडलें.

आतां संशोधकांनीं ध्यानांत घेण्याजोगी एक गोष्ट. सीमा छियेन या इतिहासकारानें सम्राटाच्या मृत्यूनंतर सुमारें शंभर वर्षांनीं आपला ग्रंथ लिहिला. त्यांत समाधीचें वर्णन सविस्तर आहे. पाऱ्याच्या नद्या वाहविल्या होत्या असें तो सांगतो, आणि ढिगाऱ्याच्या मातीच्या तपासणींत पाऱ्याचें प्रमाण खरोखरच अधिक आढळलें. परंतु या मृत्तिकासेनेविषयीं त्यानें एक अक्षरही लिहिलेलें नाहीं. बखरींत उल्लेख नाहीं म्हणून गोष्ट घडलीच नाहीं, असें म्हणणाऱ्यांनीं या खंदकांच्या कांठीं क्षणभर उभें राहावें.

मूर्ति कशा घडविल्या

कठड्यापाशीं उभें राहून खालीं पाहिलें असतां रांगेंत उभे असलेले शिपाई जणूं आजच उभे केले आहेत असा भास होतो. तो भासच होय. पहिल्या खंदकांतील मूर्ति छत कोसळून व आगींत सांपडून चूर झालेल्या मिळाल्या. ही आग सम्राटाचें राज्य बुडविणाऱ्या शियांग यू याच्या सैन्यानें लाविली असें परंपरा सांगते. आज उभा दिसणारा प्रत्येक शिपाई शेंकडों खापऱ्या जुळवून सांधलेला आहे. संग्रहालयाच्या मागील बाजूस हें सांधण्याचें काम चाललेलें दिसतें; कोणाच्या धडास पट्टे बांधलेले, कोणाचा पाय चौकटींत धरलेला. तें पाहून आम्हांस भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतील महाभारताच्या संशोधित आवृत्तीची आठवण झाली. तेथें ज्याप्रमाणें तुटक व विस्कळित पोथ्यांवरून पाठ सिद्ध करीत, आणि संशयित पाठाखालीं खूण करीत, त्याचप्रमाणें येथें सांधा कोठें आहे हें अभ्यासकास दिसावें अशी काळजी घ्यावी लागते.

तुटलेल्या असल्यामुळेंच मूर्तींची घडण कळून आली. पाय बहुधा भरीव; त्यांवर मातीच्या वळ्या एकावर एक बसवून पोकळ धड उभारीत. मस्तक दोन भागांच्या सांच्यांत दाबून निराळें करीत, आणि कान, मिशा, केस, चिलखताचे टांके हें काम मागून हातानें चालवीत. म्हणून सांचा एक असला तरी मुद्रा एक होत नसे. लंडनच्या विद्यापीठांतील अभ्यासकांनीं इ. स. २०१४ मध्यें तीस मूर्तींच्या कानांचीं मापें ताडून पाहिलीं. कोणतेही दोन कान तंतोतंत जुळले नाहींत. मूर्ति भाजल्यावर तीवर झाडाच्या चिकाचा, म्हणजे लाखेसारख्या रोगणाचा, लेप देत आणि त्यावर रंग देत. मूर्ति मुळांत करड्या नव्हत्या. तांबड्या, हिरव्या, निळ्या व जांभळ्या होत्या. परंतु शतकानुशतकें ओलसर मातींत राहिलेला तो लेप उघडा पडतांच कांहीं मिनिटांत सुकून वळतो व रंगासकट गळून पडतो. यावर जर्मन तज्ज्ञांच्या साहाय्यानें ओल टिकविणारीं द्रव्यें लावण्याची पद्धति बसविण्यांत आली आहे. पोथीचा वेष्टनांतून काढलेला जीर्ण कागद आपल्या हातांत तुकडे तुकडे होतांना ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस या प्रसंगाची व्यथा निराळी सांगावयास नको.

कारागिरांचीं नांवें

आम्हांस सर्वांत अधिक जिज्ञासा वाटली ती मूर्तींवरील अक्षरांची. मूर्तीच्या पायावर, वस्त्राच्या घोळावर, चिलखताच्या मागील अंगास, म्हणजे सहसा दिसणार नाहीं अशा जागीं, कारागिरांचीं नांवें आहेत. अशीं ऐंशींहून अधिक निरनिराळीं नांवें नोंदलेलीं आहेत. कांहीं नांवांमागें ‘राजवाडा’ या अर्थाचें अक्षर असून तीं शिक्क्यानें उठविलेलीं आहेत; कांहींमागें शियेनयांग या राजधानीचें नांव असून तीं टोंचणीनें कोरलेलीं आहेत. त्याच ‘राजवाडा’ अक्षराचे शिक्के छिनकालीन विटाकौलांवरही सांपडतात. त्यावरून, कौलें व मातीचे नळ करणारे कुंभारच या कामीं लाविले असावे, असा तर्क अभ्यासकांनीं मांडला आहे.

हीं नांवें कीर्तीसाठीं नव्हेत. खंदकांतील कांहीं शस्त्रांवर प्रधान ल्यू बुवेइ याचें नांव, राज्यवर्ष, कारखान्याच्या मुख्याचें नांव, त्याच्या मदतनिसाचें नांव, आणि शेवटीं प्रत्यक्ष काम करणाऱ्याचें नांव, अशी उतरती परंपरा कोरलेली आहे. याच प्रधानाच्या आश्रयानें इ. स. पूर्वीं २३९ च्या सुमारास जो ग्रंथ संकलित झाला, त्यांत वस्तूवर कर्त्याचें नांव घालण्याचा हेतु स्पष्ट केलेला आहे : काम तपासतां यावें, आणि तें खोटें निघाल्यास अपराधी हातीं लागावा. यास प्रत्यक्ष कायद्याचा आधारही मिळाला आहे. इ. स. १९७५ मध्यें हूपेइ प्रांतांत शुइहूदी येथें एका छिन अधिकाऱ्याच्या थडग्यांत बांबूच्या अकराशेंहून अधिक पट्ट्या सांपडल्या. त्यांत कारागिरांविषयींचे नियम आहेत. सरकारी शस्त्रांवर खात्याचें नांव कोरावें, आणि जेथें कोरतां येत नाहीं तेथें हिंगुळानें किंवा रोगणानें लिहावें, असा एक नियम आहे. नव्या कामगारानें पहिल्या वर्षीं निम्मेंच काम द्यावें, दुसऱ्या वर्षापासून पुरें द्यावें, असा दुसरा.

आपल्याकडेही त्याच सुमाराचीं कर्त्यांचीं नांवें आहेत. अशोकाच्या ब्रह्मगिरी येथील लेखाखालीं चपड नांवाच्या लेखकानें सही केली असून ‘लिपिकर’ हा शब्द त्यानें खरोष्ठींत लिहिला आहे. कोंडाण्याच्या लेण्यांत कण्हाचा शिष्य बलक यानें हें केलें, असा लेख आहे. पितळखोऱ्याच्या यक्षमूर्तीवर कण्हदास नामक सोनाराचें नांव आहे. परंतु या नांवांत आणि त्या नांवांत केवढा भेद! बलक आपलें नांव अभिमानानें, गुरूच्या नांवासह घालितो. छिनचा कुंभार तें शासनाच्या भयानें घालितो. आणि आपले पोथ्या उतरणारे लेखक तर याच्याही उलट. जसें पाहिलें तसें लिहिलें, मला दोष देऊं नका, अशी विनंति ते ग्रंथसमाप्तीस करितात. एक म्हणतो माझा मान, दुसरा म्हणतो माझा अपराध, तिसरा म्हणतो माझा अपराध नाहीं. तथापि तिघांचाही उपयोग इतिहासास सारखाच होतो : वस्तु कोणाच्या हातची हें कळतें.

येथें आणखी एक सावधगिरीची गोष्ट नमूद करितों. या शस्त्रांच्या पृष्ठभागावर क्रोमियम हा धातु आढळल्यावरून, छिन कारागिरांस गंज न चढण्याची गुप्त क्रिया अवगत होती, असें कित्येक वर्षें छापलें जात होतें. इ. स. २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या तपासणींत असें दिसून आलें कीं, तो धातु लांकडी दांड्यांच्या व मूर्तींच्या रोगणांतून आलेला होता, आणि शस्त्रें टिकलीं तीं मुख्यतः तेथील मातीच्या गुणामुळें. प्राचीनांविषयींचा आदर हा प्रमाणाची जागा घेऊं शकत नाहीं.

कार्यशाळा

खंदकांहून परततांना वाहनचालक प्रवाशांस बहुधा एखाद्या कार्यशाळेंत नेतात. आम्हांसही नेलें. दाराशीं पुरुषभर उंचीचे शिपाई ओळीनें उभे. त्यांतील कित्येकांस मस्तक नाहीं, म्हणजे प्रवाशानें मागें उभें राहून आपला चेहरा तेथें ठेवावा व छायाचित्र काढवून घ्यावें. आंत लांब बाकांवर पांढऱ्या सांच्यांचे अर्धे भाग मांडलेले. माती मळून तिची पोळी करितात, ती सांच्याच्या दोन्हीं अर्धांत अंगठ्यानें दाबून बसवितात, अर्धे जुळवून बांधतात, आणि कांहीं वेळानें सांचा सोडवून शिवण खरडतात. पुढें एक प्रौढ स्त्री बांबूच्या कोयतीनें चिलखताच्या कडा साफ करीत होती. तिच्या शेजारची मुलगी शिकाऊ असावी. तिच्यापुढें निम्मेच नग होते. बावीसशें वर्षांपूर्वींच्या त्या नियमाचें आम्हांस हंसूं आलें व कौतुकही वाटलें.

तेथील मुख्य कारागीर सत्तरीच्या घरांतले होते. दुभाषी मुलगी त्यांस ‘शीफू’ म्हणून हांक मारी. आपल्या ‘उस्ताद’ शब्दाची छटा त्यांत आहे. आम्ही मास्तर होतों असें कळतांच त्यांनीं खुर्ची पुढें केली, गरम पाणी दिलें, आणि तिच्या मुखें विचारलें, “गुरुजी, आपणांस नवा हवा कीं जुना?”

आम्हीं म्हटलें, “जुना येथें कसा मिळेल?”

ते हंसले. त्यांनीं दोन शिपाई पुढें ठेविले. एक भट्टींतून निघाल्यासारखा स्वच्छ. दुसऱ्यास पातळ चिखल फांसून, वाळवून, वरचा भाग पुसून काढिला होता. सांदींत पिवळी माती राहिली होती. आमच्या स्नेह्यांच्या योद्ध्याचा तो सख्खा भाऊ. उजव्या अंगाचा बुचडा तोच, पट्ट्यांची संख्या तीच, डाव्या पायाच्या टाचेपाशीं सांच्याचा बारीक उंचवटा होता तोही तोच.

आम्हीं मूर्ति उलटी करून पाहिली. स्वच्छ मूर्तीच्या बैठकीखालीं कार्यशाळेचा शिक्का होता. चिखल फांसलेलीवर नव्हता. कारण विचारतां ते सरळपणें म्हणाले, “शिक्का मी सगळ्यांवर मारतों. पण कांहीं गिऱ्हाइकें नको म्हणतात. कोणी म्हणतो घरांत शोभत नाहीं, कोणी कांहींच म्हणत नाहीं. मी विकतों ती नवी म्हणून, नव्याच्या किंमतीला. पुढें ती कोठें जाते, तें मला कसें कळणार?”

या उत्तरांत आम्हांस कपट दिसलें नाहीं. त्यांची किंमत खरोखरच नव्या खेळण्याची होती. खोटेपणा त्या दुकानांत झालेला नव्हता. तो पुढें, शिक्का नसलेल्या जागेचा फायदा घेऊन, दुसऱ्याच कोणी केला होता. आम्हीं स्वच्छ मूर्ति घेतली, आणि शिक्क्याशेजारीं सन व त्यांचें स्वतःचें नांव कोरून देण्याची विनंति केली. भाजलेल्या मातींत टोंचणी चालण्यास त्यांस थोडे श्रम पडले. “माझें नांव कोणी मागत नाहीं,” असें म्हणून त्यांनीं तें दोनदां पुसून वाचलें.

संग्राहकांसाठीं कांहीं खुणा

आमच्या अल्प अवलोकनांतून निघालेल्या खुणा येथें देतों. पहिली मापाची. खंदकांतील मूर्ति पुरुषप्रमाण, साधारणतः १८० सेंटीमीटर उंचीच्या, व वजनानें शंभर ते तीनशें किलोपर्यंत आहेत. हातभर उंचीचा, याच नमुन्याचा, चिलखत घातलेला शिपाई त्या खंदकांतून निघालेला असूं शकत नाहीं. मात्र लहान तेवढें सर्व खोटें असा नियम करूं नये. पुढील हान वंशांतील चिंग या सम्राटाच्या यांगलिंग येथील समाधींत सुमारें ६० सेंटीमीटरांच्या मूर्ति आहेत. त्यांचे लांकडी हात व वस्त्रें कुजून गेल्यामुळें त्या आज विवस्त्र व बाहुहीन दिसतात.

दुसरी घडणीची. अस्सल मूर्तीच्या पोकळींत वळ्यांच्या व बोटांच्या खुणा असतात, आणि मस्तक निराळें असतें. दोन अर्धांच्या सांच्यांतून निघालेल्या नगास मस्तकापासून पायापर्यंत एकच शिवण असते. ती खरडली तरी आंतून दिसते. तिसरी मातीची. फांसलेला चिखल ओल्या कापडानें सुटतो. चवथी प्रयोगशाळेची. भाजलेली माती पुन्हा तापविली असतां जो मंद प्रकाश निघतो, त्यावरून ती शेवटीं केव्हां भाजली याचा अंदाज करितां येतो. आणि पांचवी, सर्वांत सोपी, ती परंपरेची. उत्खननांत निघालेली प्रत्येक मूर्ति चीनच्या कायद्यानें राज्याच्या मालकीची आहे. तेव्हां विक्रेत्याचें म्हणणें खरें असेल तर माल चोरीचा, आणि खोटें असेल तर व्यवहार फसवणुकीचा. सज्जनानें घेण्याजोगा तो कोणत्याच पक्षीं नाहीं.

या बाबतींत केवळ हौशी लोकच फसतात असें नाहीं. इ. स. २००७ मध्यें जर्मनींत हांबुर्ग येथें एका संग्रहालयांत या सेनेचें म्हणून प्रदर्शन मांडलें होतें. त्यांतील शिपाई प्रतिकृति असल्याचें उघड होतांच तें बंद करावें लागलें, व प्रेक्षकांस पैसे परत देऊं करावे लागले.

नकलेची योग्यता

येथवर वाचून नक्कल ही त्याज्यच वस्तु होय, असें कोणास वाटेल. शीआनमध्यें शेवटच्या दिवशीं जें पाहिलें त्यानें आमचें तरी असें मत होऊं शकलें नाहीं.

त्या शहरांत ‘शिलाखंडांचें वन’ या नांवाचा संग्रह आहे. त्याचा आरंभ इ. स. १०८७ मध्यें झाला. तेथें यीशान पर्वतावरील छिन सम्राटाच्या लेखाची शिळा आहे. सम्राटानें इ. स. पूर्वीं २१९ मध्यें त्या पर्वतावर आपली प्रशस्ति कोरविली. अक्षरें त्याचा मंत्री ली स याच्या हातचीं, असें परंपरा मानते. हा तोच ली स, ज्याच्या सल्ल्यानें इ. स. पूर्वीं २१३ मध्यें लोकांजवळचे इतिहास व काव्यग्रंथ जाळण्याची आज्ञा झाली. ग्रंथ जाळविणाऱ्याची मूळ शिळाही पुढें नाहींशी झाली. आज जी दिसते ती नक्कल आहे. इ. स. ९९३ मध्यें जंग वनपाओ नांवाच्या पंडितानें, आपले गुरु शू श्वान यांजकडून मिळालेल्या प्रतीवरून, ती पुन्हा कोरविली. आणि आपण काय केलें, कोणाच्या प्रतीवरून केलें, हें त्यानें त्याच शिळेवर नमूद केलें. त्या चार ओळींमुळें ती शिळा हजार वर्षें नक्कल म्हणून मान पावत आली आहे, आणि छिनच्या लिपीचा अभ्यास करणारे तिच्याकडे येतात. तिचे ठसे घेण्याची रीत आपल्या लेखसंशोधकांच्या रीतीसारखीच : ओला कागद शिळेवर बसवावा, कुंच्यानें अक्षरांच्या खोलींत ठोकावा, आणि शाईच्या गादीनें वरून थापावें.

दुसरें उदाहरण आपल्या अधिक जवळचें. याच नगरांतून निघालेला ह्युएनत्संग महाराष्ट्रांत येऊन पुलकेशीचें राज्य पाहून गेला. इ. स. ६४५ मध्यें तो ६५७ संस्कृत ग्रंथ घेऊन परत पोंचला. ते ठेवण्यासाठीं इ. स. ६५२ मध्यें जो स्तूप बांधिला तो पुढें डागडुजी होऊन आजही उभा आहे. त्यानें आणलेल्या त्या पोथ्या मात्र राहिल्या नाहींत. राहिलीं तीं त्यानें केलेलीं भाषांतरें, ७५ ग्रंथांचीं. त्यांतील कित्येकांचें संस्कृत मूळ आज कोठेंही मिळत नाहीं. प्रत्येक भाषांतराशीं अनुवादक म्हणून त्याचें नांव जोडलेलें आहे. अस्सल गेलें, प्रामाणिकपणें उतरलेलें तें राहिलें.

आपल्या दफ्तरांत ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असा शेरा असतो. आम्हांस वाटतें, संग्राहकाच्या शास्त्राचें सार या तीन शब्दांत आहे. नक्कल दोषी नाहीं. तिचा शेरा काढून टाकणें हा दोष आहे.

एक दुरुस्ती

आतां आरंभीं सांगितलेलें दुसरें कारण. सुमारें वीस वर्षांपूर्वीं एका इनामाची सनद आमच्या हातीं आली. कागद, मोडी व शिक्क्याची आकृति पाहून आम्हीं ती अस्सल ठरविली, व तसें टिपण छापलें. पुढें एका तरुण अभ्यासकानें आम्हांस खासगी पत्र लिहून कळविलें कीं, कागद उजेडापुढें धरला असतां त्याच्या अंगांत विलायती कारखान्याचा छाप असून सनदेच्या मितीनंतर कित्येक वर्षांचें साल आहे. शिवाय डाव्या समासाची कड कात्रीनें कापलेली आहे. दुसऱ्या दफ्तरांत त्याच हातची दुसरी प्रत त्यांस सांपडली. तिच्या समासावर नकलेचा शेरा स्पष्ट होता. आमच्या प्रतीवरही तो असणार, आणि विकणाऱ्यानें तो कापला असणार. पत्राचें उत्तर आम्हीं आभार मानून दिलें. पण छापील दुरुस्ती करण्याचें धैर्य झालें नाहीं. मास्तरानें आयुष्यभर मुलांच्या चुकांखालीं तांबड्या रेघा मारल्या, आणि स्वतःच्या चुकीवर पान उलटलें. म्हणूनच त्या सभेंत आम्ही स्वस्थ राहिलों होतों.

ती दुरुस्ती आज करीत आहों. सदर सनद अस्सल नसून मागाहून केलेली नक्कल आहे. मजकूर विश्वसनीय वाटतो, परंतु कागद, हस्ताक्षर व शिक्का यांवरून आम्हीं काढलेले निष्कर्ष रद्द समजावे. ज्यांनीं आमच्या टिपणावर विसंबून पुढें लिहिलें असेल त्यांची आम्ही क्षमा मागतों.

परत आल्यावर आम्हीं आपला शिपाई घेऊन त्या स्नेह्यांकडे गेलों. दोन्ही मूर्ति मेजावर शेजारीं ठेविल्या. टाचेचा उंचवटा दाखविला. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, “किंमत सांगूं नका, ती मला ठाऊक आहे.” थोड्या वेळानें त्यांनीं कपाटांतील चिठ्ठी काढली, आणि तिच्यावर ‘छिनकालीन’ हें खोडून ‘छिनकालीन मूर्तीची अर्वाचीन प्रतिकृति’ असें लिहिलें. मूर्ति त्यांनीं टाकून दिली नाहीं, आणि टाकूं नये असेंच आम्हांसही वाटतें.

मंडळास आमची एवढीच सूचना आहे : संग्रहांतील प्रत्येक प्रतिकृतीवर, ठशावर व नकलेवर ती तशी असल्याचा शेरा, करणाऱ्याचें नांव व सन, सहज कापतां न येईल अशा जागीं लिहावा. समास कापले जातात, बैठका झिजतात, चिठ्ठ्या गळून पडतात. त्या लिनथोंगच्या शीफूंप्रमाणें भाजलेल्या मातींत टोंचणीनें कोरण्याचे श्रम आपणही घेतले, तर आपल्यामागून येणाऱ्यांस आमच्यासारखी वीस वर्षांनीं दुरुस्ती छापण्याची पाळी येणार नाहीं.